कपात लावलेला वाटाणा उगवत नाही? पुन्हा पेरण्याआधी बी उकरून बघा

दसरा उलटला की गच्चीवर बाग करणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. कपात, द्रोणात किंवा ट्रेमध्ये वाटाणा लावला, दहा दिवस झाले, वर काही दिसत नाही. नाहीतर डझनातले चार उगवले आणि त्यातले दोन मातीलगत मऊ पडून आडवे झाले. मग बियाणेवाल्याचा उद्धार होतो, नवे पाकीट येते, तोच कप, तेच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तशीच सकाळ-संध्याकाळ झारी. निकालही तोच.

दुसरे पाकीट फोडण्याआधी पहिल्या पाकिटातल्या बियांचे काय झाले ते बघा. घेवड्याचे बी उगवताना आपल्या दोन्ही डाळी वर घेऊन येते. वाटाण्याचे तसे नसते. त्याचे बी मातीतच राहते आणि वर येतो तो फक्त कोंब. त्यामुळे बिघाडाचा पुरावा जागेवर सापडतो. हवा बरी असेल तर वाटाणा साधारण आठवड्याभरात डोके वर काढतो. आठ-नऊ दिवसांनीही कपात हालचाल नसेल, तर चमच्याच्या दांड्याने दोन-तीन कपांतले बी उकरा, तळहातावर घ्या, बोटांनी दाबा आणि वासही घ्या. पुढे काय करायचे ते त्यावर ठरते.

बी फुगलेले, पण दाबताच लगदा

दहांतल्या सात-आठ तक्रारी या जातीच्या असतात, म्हणून यावर जरा थांबू. साल सुटलेली, आतून पिठूळ चिकट लगदा आणि आंबूस वास. हे बी कुजले.

कोरडे बी मातीत पडले की पहिल्या दिवसभरात आपल्या वजनाइतके पाणी पिऊन घेते. त्यानंतर त्याला गरज असते ती हवेची. आतला जीव जागा झालेला असतो आणि तो श्वास घेऊ लागतो. अशा वेळी भोवतालचे कोकोपीट पाण्याने ठिबकत असेल, तर बी गुदमरते. त्यातून गच्चीवर आपण बहुतेक लावतो ते गोड दाण्याचे वाण. अर्केल घ्या किंवा बोनव्हिला, दोन्हींचे बी वाळल्यावर सुरकुतलेले असते. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा जो हिशेब मांडला, त्यातलाच हा सुरकुतलेला दाणा. यात पिष्ट कमी आणि साखर जास्त असते, म्हणून मटार गोड लागतो. पण भिजताना हीच साखर सालीतून बाहेर झिरपते आणि मातीतल्या पिथियमसारख्या बुरशीला आयते निमंत्रण मिळते. गोल, गुळगुळीत दाण्याचा वाटाणा जास्त ओलीतही तग धरतो. सुरकुतलेला धरत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तो रान ओलवतो, वाफसा येऊ देतो, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून बेताची ओल राहू देतो, आणि मग पेरतो. कपातही वाफसाच हवा. मिश्रण आधी बादलीत ओले करा. मूठभर घेऊन घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर पसरून अर्धा दिवस सुकू द्या. मग कप भरा, बी अडीच-तीन सेंटीमीटर खोल ठेवा, वरून हलके दाबा आणि त्यानंतर कोंब दिसेपर्यंत झारीला हात लावू नका. वरचा थर अगदीच पांढरा पडला तर हाताने शिंपडा, तेवढे पुरे. पहिले दोन-तीन दिवस वरून ओले गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाकले तर तेही लागत नाही. कोंबाचे टोक दिसले की मात्र ते त्याच दिवशी काढा.

नुसत्या कोकोपीटमध्ये वाटाणा लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नर्सरीत ते चालते, कारण तिथे पाणी मोजून देणारा माणूस असतो. घरी निम्मे कोकोपीट, बाकीच्यात चाळलेली पोयट्याची किंवा लाल माती, थोडे पूर्ण कुजलेले गांडूळखत आणि मूठभर जाड वाळू, एवढे केले की निचरा सुधारतो. खत अर्धवट कुजलेले असेल तर ते कपातच कुजत राहते आणि बारीक काळ्या माश्यांना बोलावते. त्यांच्या अळ्या कोवळी मुळी कुरतडतात. विटेच्या आकारात मिळणाऱ्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा भिजवून, पाणी पूर्ण काढून टाकून मगच वापरावे.

भिजवण्याबद्दलही बोलायला हवे. उसळीसाठी वाटाणा रात्रभर, वर आणखी दुपारपर्यंत पाण्यात राहिला तरी बिघडत नाही. पेरायच्या बियांना ते सोसत नाही. कोरडे बी एकदम पाण्यात बुडवले की आतला भाग सालीपेक्षा वेगळ्या वेगाने फुगतो, डाळींना तडे जातात आणि साखर आणखी गळते. भिजवायचेच असेल तर सहा-आठ तासांवर नको. त्याहून बरे म्हणजे ओल्या, पिळलेल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, बी सावकाश पाणी घेते. आणि पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असेल तर ते अजिबात भिजवू नका. तो रंग थायरम किंवा कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो. भिजवले की पैसे देऊन घेतलेले संरक्षण वाटीतल्या पाण्यात जाते. असे बी हाताळताना हातमोजे घाला आणि उरलेले बी चुकूनही स्वयंपाकघराकडे नेऊ नका.

रंग नसलेल्या बियांना पेरताना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, लावता येतो. शेतीत किलोला चार-पाच ग्रॅम असे प्रमाण धरतात. मूठभर बियांना चिमूटभर पुरते. त्यावर रायझोबियमचा, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र रोपाला देणाऱ्या जिवाणूंचा लेप द्यायचा असेल तर तो शेवटी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून द्या आणि बी सावलीत सुकवा. दुकानात मागताना ‘वाटाण्याचे रायझोबियम’ असे सांगूनच मागा. सोयाबीनचे पाकीट वाटाण्याच्या मुळांवर गाठी आणत नाही, हरभऱ्याचेही नाही. मसुराचे चालते. पाकिटावरची मुदत बघा. त्यात जिवंत जिवाणू असतात आणि दुकानाच्या तापलेल्या फळीवर पडून राहिले तर मुदतीआधीही मरतात.

उष्णता: व्हिडिओतला सल्ला इथे उलटा पडतो

कुजण्याला हातभार लावणारी दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. वाटाण्याच्या बियांना बावीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. तिशीच्या पुढे उगवण घसरते. पुण्यात ऑक्टोबरात दुपारचा पारा बत्तीस-तेहतीसवर असतो. तो सावलीतला. गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या ट्रेमधली मूठभर माती त्याच्या बरीच पुढे जाते.

तरीही लोक कप उन्हात ठेवतात, वर प्लॅस्टिकचे झाकण घालतात, कारण व्हिडिओत तसे दाखवलेले असते. ते व्हिडिओ बहुतेक ब्रिटनचे किंवा अमेरिकेचे. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन इतकी गार आणि चिंब असते की बी बाहेर टाकले तर उगवायला महिना लागतो किंवा ते कुजते. म्हणून ते लोक पन्हळीच्या तुकड्यात किंवा कपात घरात रोप करतात आणि ऊब धरून ठेवतात. लंडन-टोरंटोच्या मराठी मंडळींनी ते जरूर करावे. पुण्या-नाशिकच्या गच्चीवर तोच प्रयोग म्हणजे बी उकडणे.

इथे कोंब फुटेपर्यंत कप सावलीत, पूर्वेच्या भिंतीशी ठेवा. ट्रेखाली वीट किंवा लाकडी फळी द्या. कोंब दिसल्यावर सकाळचे ऊन द्या. मुळात घाई करू नका. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले की वाटाण्याची वेळ झाली. देशावर हे बहुधा दिवाळीच्या आसपास होते, कोकणात आणखी उशिरा. सासवडच्या बाजारात पावसाळ्यातच मटार येतो हे खरे, पण पुरंदरच्या पठारावरची पावसाळी गार हवा आणि निचऱ्याची जमीन आपल्या गच्चीवर कुठून आणायची?

बी जसेच्या तसे, टणक

हे बी मेलेले नाही. त्याला पाणीच मिळालेले नाही. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारते. वरून ओतलेले पाणी कपाच्या कडेने उतरून तळाच्या भोकातून निघून जाते आणि आपल्याला वाटते की भरपूर दिले. कप परातीत ठेवून परातीत दोन बोटे पाणी घाला. वीस-पंचवीस मिनिटांनी वरचा थर ओलसर दिसला की बाहेर काढून निथळू द्या. तेच बी पुन्हा वापरता येते.

बी फुगले आहे, टणक आहे, वास नाही आणि मोडही नाही, असे असेल तर बियाण्याचा संशय घ्या. इतर बियांना एवढा उपद्व्याप परवडत नाही, पण वाटाण्याची परीक्षा सोपी आहे. वीस बिया ओल्या सुती फडक्यात ओळीने मांडा, सुरळी करा, घरात गार जागी ठेवा, फडके रोज ओलसर राहील एवढे बघा. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. प्रयोगशाळेतही हेच दिवस धरतात. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७५ टक्के असावी लागते, म्हणजे वीसांत पंधरा. दहाच्या खाली आले तर पाकीट बदला. पंधरा-सोळा आले आणि कपात तरीही काही उगवत नसेल, तर बियाणेवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

किराणा दुकानातल्या वाटाण्याचे विचारणारे बरेच असतात. पांढऱ्या वाटाण्याला मोड येतात हे प्रत्येक घराला माहीत आहे, तेव्हा तो उगवतोही. पण तो डाळीच्या, पिठूळ दाण्याच्या जातीचा. वेल वाढतो, शेंगा येतात, दाणा मात्र मटारसारखा गोड लागत नाही. फ्रीझरमधल्या पाकिटातले मटार कधीच उगवणार नाहीत, कारण गोठवण्याआधी त्यांना उकळत्या पाण्यातून काढलेले असते. मंडईतल्या हिरव्या शेंगांतले दाणे कोवळे असतात, त्यांच्यातला अंकुर पुरता तयार झालेला नसतो. ते पुलावात घाला.

बी गायबच

मातीत छोटा खड्डा, आजूबाजूला सालीचे तुकडे. उंदीर किंवा खार. रात्रीत पूर्ण ट्रे साफ होतो. यावर औषध नाही, अडसर आहे. बारीक छिद्रांची जाळी ट्रेवर घालून कडेला विटा ठेवा. भाजीवाल्याची प्लॅस्टिकची क्रेट उलटी घातली तर खार अडते, लहान उंदीर अडत नाही.

कोंब वर आल्यावर कबुतरे आणि साळुंक्या येतात. शेंडा खुडलेला दिसला की लोक कप उलटा करून माती रिकामी करतात. तसे करू नका. बी मातीत शाबूत असते आणि त्याच्या सांध्याशी झोपलेले डोळे असतात. आठवड्याभरात तिथून नवा कोंब निघतो, कधी दोनही. जाळी लावा आणि वाट बघा. कोंब बियांसकट उपटला गेला असेल तर मात्र खेळ संपला.

मोड आला, पण वर पोचला नाही

कोंब मातीखालीच वळसे घेऊन पडलेला दिसतो. काळी माती नुसती भरली की असे होते. ती सुकताना वर पापुद्रा धरते आणि कोंब त्याला धडकून आडवा वाढतो. पापुद्रा हलक्या हाताने मोडा, थोडे पाणी शिंपडा, बरेचसे कोंब बाहेर येतील. उलटा प्रकारही दिसतो. बी फार वर लावले तर खाली जाणारी मुळीच बियाला वर ढकलते आणि ते उघड्यावर येऊन वाळते. अशा बियावर नुसती माती ओढा, दाबू नका.

उगवल्यानंतरच्या तक्रारी

मातीलगत खोड बारीक, पाणथळ, तपकिरी होऊन रोप आडवे पडले तर ते गेले. त्यावर हळद टाका, दालचिनी टाका, पडलेले रोप उभे राहत नाही. ते मातीसकट काढा, शेजारचे कप दूर करा, वारा खेळू द्या आणि यापुढे पाणी खालून, परातीतून, तेही सकाळी. संध्याकाळी वरून पाणी घालायची सवय या रोगाला सर्वांत जास्त मदत करते. एकदा रोग आलेली माती दुसऱ्या वर्षी कपांना वापरू नका, मोठ्या झाडांच्या कुंडीत घाला.

रोपे लांबलचक, फिकट, काडीसारखी झाली असतील तर उजेड कमी पडतो आहे. उत्तरेच्या बाल्कनीत हे होणारच. पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा नसेल तर वाटाण्याचा नाद सोडून पुदिना लावावा, हे माझे मत काहींना आवडत नाही. जागा आहे आणि रोपे नुसती थोडी उंच झाली आहेत, तर लावताना दोन बोटे जास्त खोल बसवा. वाटाण्याच्या खोडाला माती लागलेली चालते, फक्त ती चिंब नको.

खालची पाने पिवळी पडू लागली की हात युरियाकडे जातो. आधी कप उचलून बघा. जड लागत असेल तर मुळे पाण्यात आहेत, पाणी थांबवा. हलका असेल आणि रोप तीन आठवड्यांचे असेल, तर बियातला साठा संपला आहे आणि मुळांवरच्या गाठी अजून कामाला लागलेल्या नाहीत. त्याला खत नको, जमीन हवी.

कपातून कुंडीत नेताना थबकणारी रोपे

खरे तर वाटाण्याला स्थलांतर आवडत नाही. कुंडी किंवा वाफा तयार असेल, उंदरांचा त्रास नसेल आणि हवा गार झाली असेल, तर बी थेट लावावे. कपाचा खटाटोप तीन वेळा कामाचा: कुंडीत अजून पावसाळी वांगी उभी आहेत, उंदीर-खारी काही टिकू देत नाहीत, किंवा गच्ची इतकी तापते की पहिले आठ-दहा दिवस बी सावलीत सांभाळायचे आहे.

कपातले रोप तिथे किती दिवस ठेवायचे, इथेच बहुतेकांचा हिशेब बिघडतो. वाटाण्याची मुख्य मुळी सरळ खाली धावते. तळ लागला की गोल फिरू लागते आणि एकदा गोल फिरलेली मुळी कुंडीत गेल्यावरही फिरतच राहते. रोप वर हिरवेगार, पण दोन आठवडे हलत नाही, याचे कारण हेच. तीन-चार पाने आली की, म्हणजे उगवणीपासून दहा-पंधरा दिवसांत, रोप हलवा. त्याहून थांबलात तर धागे फुटून शेजारी-शेजारी एकमेकांना बिलगतात आणि सोडवताना शेंडे तुटतात. कप उथळ नको, उंच घ्या. प्रो-ट्रे वापरत असाल तर मिरची-टोमॅटोचा बारीक खळग्यांचा न घेता मोठ्या खळग्यांचा घ्या.

चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो. तो कपासकट मातीत पुरला तर मुळे बाहेर पडत नाहीत. त्याला उभा काप देऊन रोप बाहेर काढा. वर्तमानपत्राची सुरळी पुरता येते, पण तिची कड मातीच्या वर राहू देऊ नका. ती कड वातीसारखी ओल ओढून हवेत सोडते आणि आतली मुळे कोरडी पडतात. कड फाडून टाका किंवा पूर्ण गाडा. सुरळीवर पांढरी बुरशी दिसते ती कागद खाणारी, रोपाला तिचा त्रास नाही. करवंटीत लावणाऱ्यांनी तळाला भोक पाडले आहे ना ते बघावे, आणि लावताना करवंटी काढावी. ती काही एका हंगामात कुजत नाही.

हलवण्याआधी तीन-चार दिवस रोपांना रोज थोडे जास्त ऊन आणि वारा द्या. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. संध्याकाळी लावा, गोळा न चोळता. रोपांत चार बोटांचे अंतर पुरते, दाटीचे वाटाण्याला वावडे नाही. आधाराच्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या त्याच वेळी रोवा. नंतर रोवल्या तर नव्या मुळ्या तुटतात. पहिले दोन दिवस दुपारची सावली करा. शेण्या, युरिया, भरपूर गांडूळखत असे काही टाकू नका. नत्र जास्त झाले की गाठी धरत नाहीत, पाला माजतो आणि शेंगा मोजक्याच लागतात.

आता तारखेचे. पहिली खेप नोव्हेंबरात वाया गेली असेल तर दुसरी लगेच करा. वेळ आहे. अर्केलसारखा लवकर येणारा वाणही तोडणीला साधारण दोन महिने घेतो आणि तापमान तिशीच्या वर राहू लागले की फुले गळतात, पानांवर भुरीची पांढरी बुरशी चढते. म्हणून देशावर डिसेंबर निम्मा सरल्यावर नवे कप भरण्यात फारसा अर्थ नाही. तेव्हा त्या कुंडीत मेथी टाका, महिन्याभरात जुडी निघेल. फेब्रुवारीत उरलेल्या मातीत चवळी किंवा गवार लावा. त्यांना ऊन जितके जास्त तितके बरे.